स्वतःच्या नावावर एकही मॅच नसलेला कोच : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या असिस्टंट कोचचं करिअर नेमकं चालतं कसं

मिशिगन, पर्ड्यू, ओहायो स्टेट नाहीतर टेक्सास ए अँड एमला एमएस करायला गेलेली आपली मुलं पहिल्याच सेमिस्टरला एक गोष्ट बघतात, की शनिवार उजाडला की अख्खं गाव युनिव्हर्सिटीच्या रंगाचे टीशर्ट घालून स्टेडियमच्या दिशेने निघतं, आणि हे स्टेडियम काही साधंसुधं नसतं, मिशिगनच्या स्टेडियमची क्षमताच १,०७,६०१ आहे. टीव्हीचा कॅमेरा सारखा हेड कोचवर असतो. त्याचा पगार पेपरात छापून येतो, त्याच्यावर वाद होतात, अनेक राज्यांत तर सरकारी पगारपत्रकावरचा सगळ्यात महागडा माणूस तोच असतो. पण त्याच्या आजूबाजूला हेडसेट लावून, हातात लॅमिनेट केलेला कागद धरून जी दहा-बारा माणसं ओरडत असतात त्यांच्याकडे कुणी बघत नाही. खेळाडूंना प्रत्यक्ष शिकवतात ती हीच माणसं, म्हणून आज त्यांच्याबद्दल.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. जिंकलेल्या आणि हरलेल्या मॅचेसचा हिशोब फक्त हेड कोचच्या नावावर लागतो. असिस्टंट तीस वर्षं राबला तरी त्याच्या नावावर एक विजय नाही की एक पराभव नाही. त्याला नोकरी देतो हेड कोच, आणि हेड कोच गेला की बहुतेक वेळा त्याचीही नोकरी जाते, स्वतःचं काम कितीही चांगलं असलं तरी. म्हणजे आयुष्यभराचं करिअर दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर. पगार, बदल्या, ओळखीपाळखी, घरातल्यांची फरफट, या धंद्यातलं जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आता ज्यांनी हा खेळ बघितलाच नाही त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून, हातात बॉल घेऊन, अंगावर धावून जायचा. दोन्हीकडे अकरा-अकरा जण मैदानात असतात, बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पण हल्ला करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, किक मारायची वेळ आली की आणखी वेगळे लोक उतरतात, त्यामुळे एका कॉलेजच्या टीममध्ये शंभरच्या आसपास पोरं असतात. आणि प्रत्येक जागेचं कसब इतकं निराळं की क्वार्टरबॅकला, म्हणजे हल्ला चालवणाऱ्या आणि बॉल फेकणाऱ्या खेळाडूला, जे शिकवायचं त्याचा लाइनमधल्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या रांगेतल्या, दीडशे किलोच्या पोराला काही उपयोग नाही. एक माणूस शंभर जणांना हे सगळं शिकवू शकत नाही, म्हणून असिस्टंट लागतात. वरच्या पातळीच्या कॉलेजांना पूर्वी मैदानावर नऊ असिस्टंट ठेवता यायचे, २०१८ च्या जानेवारीपासून दहा झाले, आणि २०२४ ला ही मर्यादाच गेली. त्यांच्यात हल्ल्याचा एक कोऑर्डिनेटर, बचावाचा एक कोऑर्डिनेटर, बहुतेक ठिकाणी किकिंगचा वेगळा माणूस, आणि बाकीचे पोझिशन कोच, म्हणजे कुणाकडे फक्त रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारे), कुणाकडे फक्त लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतले), कुणाकडे फक्त ऑफेन्सिव्ह लाइन (समोरच्यांना अडवून क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची रांग). कोऑर्डिनेटरकडेसुद्धा सहसा एखादी पोझिशन असतेच, म्हणजे तो आधी मास्तर आणि मग साहेब.

या धंद्यात शिरायचं कसं? बहुतेक जण ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून शिरतात. एमएस करताना टीए किंवा आरए (शिकवण्यातला किंवा संशोधनातला मदतनीस) म्हणून काम केलेल्यांना हा प्रकार लगेच कळेल, कारण व्यवस्था साधारण तीच आहे, युनिव्हर्सिटीत मास्टर्सला नाव घालायचं, फी माफ, वर थोडासा स्टायपेंड, आणि त्या बदल्यात काम. फरक एवढाच की टीएला आठवड्याला वीस तास असं काहीतरी लिहिलेलं असतं, इकडे तासांचा विषयच नाही. खेळाडूंना सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, कोचना कुठलीच नाही. मग हा पोरगा पहाटे येतो, पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी मॅच आहे त्यांच्या जुन्या मॅचेसचे व्हिडिओ कापून एकेक प्रकार वेगळा करतो, त्यांच्या चाली मोठ्या कार्डांवर काढतो, आणि दुपारी प्रॅक्टिसला ती कार्डं डोक्यावर धरून उभा राहतो म्हणजे राखीव खेळाडू तसेच पळतील आणि मुख्य टीमला सराव मिळेल. मध्येच एअरपोर्टवरून कुणाला तरी आणायचं, साहेबांचं जेवण आणायचं, आणि रात्री स्वतःच्या मास्टर्सचा असाइनमेंट. कुणी याला फुकटची राबणूक म्हणेल आणि त्यात तथ्य आहे, पण चाली पाठ होतात त्या याच कार्डांवरून. शेकडो चाली हाताने काढल्यावर समोरचा काय करणार हे दिसायला लागतं.

निक सेबनचं उदाहरण घेऊ, कारण या माणसाने हेड कोच म्हणून सात राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, एक एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेटमध्ये आणि सहा अलाबामात, आणि तरीही त्याच्या करिअरची पहिली सतरा वर्षं असिस्टंट म्हणूनच गेली. १९७३ मध्ये तो ओहायोतल्या केंट स्टेटला ग्रॅज्युएट असिस्टंट झाला, आणि झाला तोसुद्धा कोच व्हायचं म्हणून नव्हे, बायकोचं कॉलेज संपायला एक वर्ष बाकी होतं म्हणून गावात राहणं भाग होतं आणि त्याचा कोच डॉन जेम्स म्हणाला थांब इथेच. तिथून पुढे सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, मग १९८० ला ओहायो स्टेट. ओहायो स्टेटमध्ये दोन सीझन झाल्यावर हेड कोचने बचावाच्या स्टाफला घरी पाठवलं, त्यात सेबनही गेला. पुढच्या वर्षी, १९८२ ला, तो नेव्हीच्या अकॅडमीत एकच वर्ष होता. नंतर मिशिगन स्टेट, मग प्रोफेशनल लीगमधली ह्यूस्टनची टीम, आणि १९९० ला टोलीडोला पहिल्यांदा हेड कोच. मोजून बघा, सतरा वर्षं आणि सात-आठ बिऱ्हाडं.

नेव्हीतलं ते एक वर्ष लक्षात ठेवा, त्याच्यावर परत येणारच आहे, आधी रोजचं काम बघू.

शनिवारी मॅच झाली की रविवारी पोझिशन कोच व्हिडिओ घेऊन बसतो. समजा ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच आहे. त्याची पाच पोरं, प्रत्येकाच्या साठ-सत्तर चाली, आणि प्रत्येक चालीत प्रत्येकाला मार्क. बऱ्याच ठिकाणी दोन वेगळे मार्क असतात, एक म्हणजे ज्याला अडवायचं होतं त्यालाच अडवलं का, आणि दुसरा म्हणजे नीट अडवलं का. हे दोन वेगळे ठेवण्यात खूप शहाणपण आहे. कारण पोरगा चुकीच्या माणसाकडे गेला तर ती शिकवण्यातली चूक असू शकते, आणि बरोबर माणसाकडे जाऊनही मार खाल्ला तर ती पायांची किंवा हातांची चूक. मग व्हिडिओ मागे-पुढे, मागे-पुढे. पहिलं पाऊल सहा इंचांचंच हवं होतं, याने लांब टाकलं, म्हणून अंग उंच झालं, म्हणून हात समोरच्याच्या छातीवर आतून लागायच्या ऐवजी बाहेरून खांद्यावर गेले, म्हणून क्वार्टरबॅक खाली पडला. टीव्हीवर आपल्याला दिसतं की क्वार्टरबॅकने बॉल फार वेळ धरून ठेवला. मूळ चूक मात्र लाइनमधल्या पोराच्या त्या एका पावलात असते, आणि ती फक्त दोघांना माहीत असते, त्या पोराला आणि त्याच्या कोचला. सोमवार-मंगळवारी मैदानात ते पाऊल परत परत टाकून घ्यायचं. मंगळवार-बुधवार जोरदार प्रॅक्टिस, गुरुवारी हलकी, शुक्रवारी प्रवास, शनिवारी मॅच, रविवारी परत व्हिडिओ. ऑगस्ट ते डिसेंबर हे असंच चालतं.

मला यातलं हे शिकवणंच सगळ्यात मोठं वाटतं, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. एकोणीस वर्षांच्या पोराला, जो घरापासून लांब आहे, गावात हिरो होता आणि इथे तिसऱ्या नंबरवर बसलाय, त्याला रोज त्याची चूक दाखवायची आणि तरी दुसऱ्या दिवशी तो उत्साहाने यायला पाहिजे. हेड कोचला हे शंभर जणांच्या बाबतीत जमणं शक्यच नाही. पोरगा परीक्षेत नापास होतोय, त्याच्या घरी कुणी आजारी आहे, त्याची गर्लफ्रेंड सोडून गेली, हे आधी कळतं ते पोझिशन कोचला.

कोऑर्डिनेटरचं काम वेगळं, आणि ते समजून घ्यायला चाळीस सेकंद पुरे आहेत. एक चाल संपली की घड्याळ चाळीसवरून उलटं सुरू होतं, शून्याच्या आत पुढची चाल सुरू झाली नाही तर पाच यार्डांचा दंड. आता या चाळीस सेकंदांत काय होतं बघा. काही कोच मैदानाच्या कडेला असतात आणि काही वर प्रेसबॉक्समध्ये काचेमागे, कारण वरून पूर्ण मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. वरचा माणूस हेडसेटवर सांगतो, तिसरा प्रयत्न, सात यार्ड हवेत, समोरच्यांनी कोण बदली आणलाय. कोऑर्डिनेटरच्या हातातल्या कागदावर चाली आधीच खाने पाडून लिहिलेल्या असतात, तिसरा प्रयत्न आणि लांब अंतर असेल तर हा खाना, गोल जवळ असेल तर तो खाना, कारण तेवढ्या वेळात नव्याने विचार करणं शक्यच नसतं, विचार गुरुवारपर्यंत करून ठेवायचा असतो. तो चाल ठरवतो आणि सांगतो. २०२४ पर्यंत हे सगळं हातवारे करून नाहीतर चित्रांचे मोठे फलक दाखवून चालायचं, २०२४ पासून वरच्या पातळीवर एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर ठेवायची परवानगी मिळाली, पण घड्याळ पंधरावर आलं की तो आवाज बंद होतो. म्हणजे बघणं, ठरवणं, सांगणं या सगळ्याला पंचवीस सेकंद. बचावाच्या कोऑर्डिनेटरला तेवढेही नाहीत, कारण समोरून कोण मैदानात आलं हे दिसल्याशिवाय त्याला ठरवता येत नाही. आणि हे एका मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा.

पण गंमत अशी की उत्तम शिकवता येतं, चाली उत्तम ठरवता येतात, एवढ्यावर नोकरी टिकत नाही. दुसरं अर्धं काम म्हणजे रिक्रूटिंग, हायस्कूलमधली चांगली पोरं आपल्या कॉलेजात आणणं. प्रत्येक असिस्टंटला एक इलाखा वाटून दिलेला असतो, कुणाला दक्षिण फ्लोरिडा, कुणाला ह्यूस्टनचा परिसर, कुणाला अटलांटा. मग शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या मॅचेस, हायस्कूलच्या कोचशी वर्षानुवर्षं राखलेले संबंध, शिपायापासून हेडमास्तरपर्यंत सगळ्यांशी दोन शब्द, आणि शेवटी त्या पोराच्या घरी जाऊन आईसमोर बसणं. कधी आजीसमोर. निर्णय पोरगा घेतो असं वरवर दिसतं, पण अनुभवी कोच पहिल्या भेटीतच बघून ठेवतात की या घरात शेवटचा शब्द कुणाचा चालतो. यालाही नियमांचं जंजाळ आहे, वर्षाचे ठरावीक आठवडेच पोराला प्रत्यक्ष भेटता येतं, काही आठवडे फक्त खेळ बघता येतो पण बोलता येत नाही, काही काळ तर भेट पूर्ण बंद, आणि कुठे काय चालतं यावर कॉलेजचा एक वेगळा विभाग लक्ष ठेवून असतो. ज्याला एखाद्या भागातली चांगली पोरं हमखास आणता येतात त्याची किंमत बाजारात वाढते. ते योग्यही आहे म्हणा, कारण पोरं चांगली नसतील तर कितीही सुंदर चाल कागदावरच राहते.

आता बदल्यांकडे येऊ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते या लोकांना तंतोतंत लागू पडतं. बहुतेक टीमचा नेहमीच्या सीझनमधला शेवटचा सामना नोव्हेंबरच्या अखेरीला असतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हकालपट्ट्या सुरू होतात. हेड कोचला काढलं की नवा येतो तो आपली माणसं घेऊन, जुन्यांतल्या एखाद-दोघांना ठेवतो, सहसा ज्यांच्या हातात रिक्रूटिंगचा इलाखा पक्का आहे अशांना. बाकीच्यांनी फोन फिरवायचे. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं, ही संघटना १९२२ पासूनची आहे, कागदावर तिथे व्याख्यानं आणि चर्चासत्रं असतात पण हॉटेलच्या लॉबीत बायोडेटा घेऊन फिरणाऱ्यांची गर्दीही तेवढीच असते. आणि घरच्यांचे हाल वेगळेच. नोकरी मिळते डिसेंबर-जानेवारीत, मुलांची शाळा संपते मे-जूनमध्ये, म्हणून बाबा एकटा नव्या गावात भाड्याच्या खोलीत किंवा ऑफिसच्या सोफ्यावर, आणि आई जुन्या गावात घर विकायच्या मागे. दर तीन-चार वर्षांनी हेच. या धंद्याचं सगळ्यात मोठं ओझं या बायका आणि मुलं उचलतात आणि त्यांचं नाव कुठेच येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काढून टाकलं म्हणजे माणूस वाईट होता असं मात्र अजिबात नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. डॅबो स्विनीचं बघा. अलाबामात रिसीव्हर्सचा कोच होता, २००० चा सीझन वाईट गेला, हेड कोच गेला आणि त्याच्याबरोबर हाही गेला. पुढची दोन वर्षं तो चक्क व्यापारी जागांच्या धंद्यात नोकरी करत होता, फुटबॉल बंद. २००३ ला टॉमी बाउडनने क्लेमसनमध्ये परत रिसीव्हर्सचा कोच म्हणून घेतलं. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये सीझन चालू असतानाच हेड कोच बाउडनने पद सोडलं आणि कॉलेजने या पोझिशन कोचला तात्पुरता हेड कोच केलं, जो तोपर्यंत कधी कोऑर्डिनेटरसुद्धा नव्हता. तो तात्पुरता पुढे कायमचा झाला आणि २०१६ आणि २०१८ च्या सीझनला क्लेमसन राष्ट्रीय विजेतं.

मग परत नोकरी मिळते कशावर? ओळखीवर. वशिला म्हणून नाक मुरडण्याआधी थोडा विचार करा. ज्याच्या नावावर मॅचचा निकाल लागत नाही त्याचं काम चांगलं की वाईट हे बाहेरून कळायचं कसं? त्याच्या शेजारी बसून ज्याने काम केलंय तोच सांगू शकतो. म्हणून इथे शिफारस हेच प्रमाणपत्र. सेबनचं नेव्हीतलं वर्ष आठवा. तिथे त्याची मैत्री झाली स्टीव्ह बेलिचिकशी, जो तिथला जुना असिस्टंट होता, समोरच्या टीमचा अभ्यास करण्यात पटाईत. स्टीव्हचा मुलगा बिल. १९९१ ला बिल बेलिचिक क्लीव्हलंड ब्राउन्स या प्रोफेशनल टीमचा हेड कोच झाला तेव्हा बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून त्याने सेबनला आणलं, आणि त्या चार वर्षांत शिकलेलं बचावाचं तंत्र सेबनने पुढे कॉलेजात नेलं. पुढची कडी बघा, कर्बी स्मार्ट. जॉर्जियाच्या टीममध्ये विल मस्चॅम्प त्याच्याबरोबर खेळला होता, २००० ला वॉलडोस्टा स्टेट या छोट्या कॉलेजात मस्चॅम्प बचाव सांभाळत होता तेव्हा स्मार्ट तिथे आला, आणि नंतर मस्चॅम्प एलएसयूत सेबनकडे कोऑर्डिनेटर असताना २००४ ला स्मार्टही तिथे पोचला. पुढे २००७ पासून अलाबामा, नऊ सीझन सेबनच्या हाताखाली, आणि मग जॉर्जियाचा हेड कोच, २०२१ आणि २०२२ ची विजेतेपदं.

पण या पद्धतीत एक मोठी खोट आहे. नोकऱ्या ओळखीतून मिळणार असतील तर ज्यांना आधीपासून बाहेर ठेवलं ते बाहेरच राहणार. मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या मोठी, पोझिशन कोच म्हणूनही ते बरेच दिसतात, पण कोऑर्डिनेटर आणि हेड कोचकडे जाताना आकडा एकदम खाली येतो. वरच्या पातळीवर पहिला कृष्णवर्णीय हेड कोच विली जेफ्रीज, विचिटा स्टेटला, १९७९ मध्ये. दक्षिणेतल्या एसईसी या बलाढ्य कॉन्फरन्सला, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाला, तर २००३ चा डिसेंबर उजाडावा लागला, तेव्हा मिसिसिपी स्टेटने सिल्व्हेस्टर क्रूमला घेतलं, आणि तोपर्यंत क्रूमने कॉलेज आणि प्रोफेशनल मिळून पाव शतकाहून जास्त असिस्टंटगिरी केली होती. बायकांसाठी दार त्याहून उशिरा किलकिलं झालं, २०१८ ला डार्टमथने कॅली ब्राउनसनला पूर्णवेळ घेतलं. आपली माणसं म्हणजे आपल्यासारखी दिसणारी माणसं असं होऊन बसतं, आणि ते चूक आहे.

ओळख नसेल तर? रस्ता आहे, फक्त लांबचा. माइक लीच कॉलेजात कधी फुटबॉल खेळलाच नव्हता, वकिलीची पदवी घेतली आणि मग छोट्या छोट्या कॉलेजांत, मध्ये फिनलंडला जाऊनसुद्धा कोचिंग केलं, आयोवा वेस्लियन या लहानशा ठिकाणी हॅल ममीबरोबर पासिंगची एक पद्धत घडवली, आणि २००० ला टेक्सास टेकचा हेड कोच झाला. गस मॅल्झान २००५ पर्यंत आर्कन्सॉमध्ये हायस्कूलचा कोच होता, २०१० ला ऑबर्न राष्ट्रीय विजेतं झालं तेव्हा हल्ल्याची सूत्रं त्याच्याकडे होती. त्या वर्षी त्याला ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, जो १९९६ पासून फक्त असिस्टंट कोचला देतात. आर्कन्सॉचा जुना हेड कोच फ्रँक ब्रॉयल्सच्या नावाने आहे. असिस्टंटचं काम चारचौघांत मान्य होण्याच्या ज्या मोजक्या जागा आहेत त्यातली ही एक.

पैशाचं सांगायचं तर दरी प्रचंड आहे. २००९ ला टेनेसीने माँटी किफिनला वर्षाला साधारण १२ लाख डॉलर दिले तेव्हा लोकांना धक्का बसला, असिस्टंटला दहा लाखांच्या वर! २०१८ ला एलएसयूने डेव्ह अरांडाला २५ लाख डॉलर दिले, २०२५ ला पेन स्टेटने जिम नोल्सला वर्षाला ३१ लाखांच्या आसपास. त्याच बिल्डिंगमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट स्टायपेंडवर भाडं आणि जेवण जुळवत असतो. छोट्या कॉलेजांत तर असिस्टंट स्वतः मैदानाच्या रेषाही मारतो आणि जिमचे वर्गही घेतो. खालच्यांचे पगार एकजुटीने दाबून ठेवायचा प्रयत्नही झालेला आहे, फुटबॉलमध्ये नाही पण शेजारच्या बास्केटबॉलमध्ये, जिथे एनसीएएने, म्हणजे कॉलेजमधल्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, एका श्रेणीच्या असिस्टंटला वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर असा नियम केला होता. ते कोच कोर्टात गेले, १९९८ ला अपिलात जिंकले, आणि १९९९ ला ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

आणि एक विचित्र वाटणारा प्रकार. २०१७ ला टेनेसीने हेड कोच बुच जोन्सला काढलं, कराराप्रमाणे त्याला ८० लाखांहून जास्त डॉलर देणं लागत होतं. तो अलाबामात सेबनकडे ॲनालिस्ट झाला, म्हणजे पडद्यामागे अभ्यास करणारा, ज्याला तेव्हा मैदानावर शिकवायची परवानगी नसायची, पगार ३५,००० डॉलर. का? कारण अशा करारांत सहसा असं असतं की नवी नोकरी मिळाली तर तो पगार जुन्या कॉलेजच्या देण्यातून वजा होतो, म्हणजे नव्या ठिकाणी जास्त घेऊन त्याच्या खिशात काहीच जास्त येणार नव्हतं, वाचले असते ते जुन्या कॉलेजचे पैसे. अलाबामाला स्वस्तात अनुभवी डोकं, आणि त्याला बाजारात परत यायची जागा. स्टीव्ह सार्किझियनही २०१६ ला तिथे असाच ॲनालिस्ट होता, आज टेक्सासचा हेड कोच आहे. बुच जोन्सही पुढे आर्कन्सॉ स्टेटला हेड कोच झाला.

सगळ्यांना हेड कोच व्हायचंच असतं असं समजू नका. बचावाचा कोच बड फॉस्टर हेड कोच फ्रँक बीमरबरोबर १९८७ ला व्हर्जिनिया टेकला आला आणि २०१९ चा सीझन संपवूनच थांबला, मध्ये बीमर निवृत्त झाला, नवा हेड कोच आला, त्यानेही याला ठेवलं. हेड कोच कधीच नाही. त्याच्या बचावाची खूण म्हणजे कामगार नेतात तसला एक जेवणाचा डबा, मॅचमध्ये कामगिरी करणाऱ्याने तो बाळगायचा. २००६ चा ब्रॉयल्स पुरस्कार त्याचा. आणि ज्याची मैत्री सेबनला उपयोगी पडली तो स्टीव्ह बेलिचिक १९५६ ते १९८९ नेव्हीतच होता, कितीतरी हेड कोच आले आणि गेले. तो टिकला याचं एक साधं कारण होतं, अकॅडमीने त्याला शारीरिक शिक्षणाचा कायम प्राध्यापक केलं होतं. म्हणजे नोकरी हेड कोचच्या मर्जीतून सुटून संस्थेच्या पगारावर गेली आणि बिऱ्हाड तेहतीस वर्षं एका गावात राहिलं. हे आणखी कॉलेजांना करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही, कारण नव्या हेड कोचला मोकळा हात द्यायचा असतो.

सध्या या धंद्याची मांडणीच बदलतेय. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५ ला कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी कॉलेजमागे सगळ्या खेळांना मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे पूर्वी जे सौदे असिस्टंट कोच आईसमोर बसून गोड बोलून पक्के करायचा ते आता जनरल मॅनेजर नावाचा माणूस आकडे मांडून करतो, तसली पदंच निघाली आहेत. २०२४ च्या जूनमध्ये मैदानावर शिकवणाऱ्यांच्या संख्येची मर्यादाही काढून टाकली, म्हणजे ॲनालिस्टही आता पोरांना प्रत्यक्ष शिकवू शकतो, बाहेर जाऊन रिक्रूटिंग करणाऱ्यांवरची मर्यादा तेवढी ठेवली. श्रीमंत कॉलेजांचे स्टाफ फुगले. पोझिशन कोचवर मात्र एक नवंच काम आलंय, स्वतःच्याच पोरांना दर वर्षी थांबवून धरायचं. ज्याला दोन वर्षं खपून ते सहा इंचांचं पाऊल शिकवलं तो पोरगा सीझन संपल्यावर दुसरीकडे जास्त पैशांवर जाऊ शकतो, म्हणून डिसेंबरात बाहेरच्या पोरांच्या घरी जाण्याआधी कोच आधी आपल्याच खोलीतल्या पोरांशी एकेकट्याने बोलतो, कोण राहतोय आणि कोण चाललाय याची यादी करतो, आणि ती यादी घेऊन हेड कोचकडे जातो.